वॉलीचा उपास

दोन आठवड्यांच्या उपासानंतर वॉलीचं वजन चाळीस ग्रॅमनं वाढलं होतं. ट्रूडीनं स्वयंपाकघरातला काटा दोनदा तपासला आणि त्या निळ्या जिभेच्या सरड्याकडे असं रोखून पाहिलं, की त्यानं जीभच बाहेर काढली.

ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगोत मे महिना सरत आला होता, थंडी तोंडावर होती. वॉलीची हिवाळाभर निजायची पेटी धुण्याच्या खोलीत तयार होती. फक्त पोट रिकामं हवं. ट्रूडीनं प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"अजून पेटीत ठेवू नका," त्या म्हणाल्या. "थंडीत त्याचं पचन बंद पडतं. पोटातलं कुजलं तर तो काही सप्टेंबरातला वसंत बघत नाही. कोमट पाण्यात बसवा, मोकळा होईल. आणि काय खाल्लंय, कधी, ते विचारून कळवा."

न्हाणीघराचं दार लावून ट्रूडी टबापाशी बसली. वॉली ढिम्म. आपण बघतोय म्हणून लाजत असेल, असं वाटून तिनं पाठ फिरवली. तरी नाही.

तेवढ्यात दारावर थाप पडली. तिचे सासरे, नॉर्म. उद्या हॉस्पिटलात त्यांच्या आतड्याची तपासणी होती. त्यासाठी सकाळपासून नुसत्या पाण्यावर राहायचं होतं आणि जुलाबाचं औषध त्यांनी नुकतंच घेतलं होतं. घरात संडास एकच, तोही टबाशेजारी. अंगणातला जुना नॉर्मनीच हौसेनं पाडून तिथे बार्बेक्यू बांधला होता.

"ट्रूडी, उघड गं."

"वॉलीचं व्हायचंय अजून."

"त्याच्याआधी माझं होईल."

"मग सांगा, त्याला खायला कोण घालतं?"

"मला काय माहीत? शेजारचं मांजर असेल."

"मांजर भरवतं त्याला?"

नॉर्म ताकास तूर लागू देईनात. पण जुलाबाचं औषध कुणाची भीड ठेवत नाही.

"बरं, गोगलगायी. दोन-तीन. रोज. अगं, उपाशीपोटी झोप लागते का कुणाला?"

"आणि?"

"केळं. आता उघड."

"आज काय दिलंत? खरं सांगा, नॉर्म. मरेल हो तो."

बाहेरची धडपड थांबली. बायको गेल्यापासून दुपारभर त्यांच्या मांडीवर बसणारं घरात वॉलीखेरीज दुसरं कुणी नव्हतं. त्यांचा आवाज एकदम उतरला.

"मरेल? मला कुणी सांगितलंच नाही. आज उकडलेलं अंडं दिलं. पण अर्धंच, शपथ."

"उरलेलं अर्धं कुठंय?"

दाराबाहेर नॉर्म नुसते खाकरले.

"नॉर्म?"

"टोस्टबरोबर गेलं."

ट्रूडीनं दार उघडलं. नॉर्म तिला बाजूला सारून आत धावले. वॉलीला बाहेर काढायलाही वेळ मिळाला नाही.

तिनं डॉक्टरीणबाईंना फोन केला, मग हॉस्पिटलला. दोन्हीकडून उत्तर एकच आलं: आज पोट साफ झालं तरी आता घाई नको, नवी तारीख धरा आणि उपास पुन्हा पहिल्यापासून.

आतून हाक आली. "ट्रूडी, झालं गं."

"कुणाचं?"

"दोघांचं," नॉर्म समाधानानं म्हणाले. "आता काहीतरी खायला दे आम्हाला."