न मागणाऱ्यांचे हलगे सर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. हलगे सरांच्या एका फाइलीत मी एक शून्य वाढवलं होतं. ते शून्य आपल्याच हातून पडलं, असं सर आजही धरून चालतात. पण ते किती मोठं शून्य होतं हे कळायला आधी सर कळायला हवेत.

हलगे सर न्हाव्याच्या खुर्चीत बसले की एकच सांगायचे, "कुणी काहीच सांगितलं न्हाई तर जशी कापतोस, तशी काप." मुरलेला न्हावी हसून कामाला लागायचा. नवशिक्या कात्री धरून आरशात बघत बसायचा. एकदा बसस्टँडजवळच्या नव्या दुकानातून सर बाहेर आले ते उजवा कान उघडा आणि डावा झाकलेला, अशा अवस्थेत. तसेच महिनाभर वर्गावर आले. मी न राहवून विचारलं.

"हे त्याचं मुळातलं हाय, सूर्यवंशी साहेब," सर समाधानानं म्हणाले. "मानूस न सांगता कसं करतो, ते कळाया पाहिजे."

हॉटेलात पोऱ्यानं साखरेचं विचारलेलं त्यांना खपायचं नाही. "इचारू नको. न इचारता देतोस तसला आन." मग तो चहा घोट घोट पिऊन हॉटेलमालकाचा स्वभाव सांगायचे, आणि तो बरोबर निघायचा. नातेवाईक सोयरीक बघायला जाताना त्यांना मुद्दाम बरोबर नेत. सर तिथं तोंडातून शब्द काढत नसत. दारातून आत गेल्यावर न मागता पाणी किती वेळात येतं, एवढंच बघत. दोन सोयरिकी त्यांनी पाण्यावरून मोडल्या, आणि पुढं दोन्ही घरांबद्दल जे ऐकायला आलं त्यावरून लोक त्यांच्या पाया पडायचे बाकी राहिले. स्वतःचं लग्न मात्र राहूनच गेलं. त्यांनी कुणाला मागणी घातली नाही आणि न मागता कुणी मुलगी दिली नाही.

उदगीरला आमचं एक तंत्रनिकेतन होतं. मी संगणक विभागाचा प्रमुख, सर प्रयोगशाळेतले निदेशक. वयानं माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, तरी मला साहेब म्हणत. त्यांचा खरा जीव होता कर्नेलमध्ये. संगणक चालू झाला की सगळ्यांच्या आधी उठणारा आणि बंद होईपर्यंत कुणाला न दिसणारा कारभारी, तो कर्नेल. मेमरी भरत आली तर कधी आवरायची, डिस्कवरून किती पुढचं आधीच वाचून ठेवायचं, लिहिलेलं डिस्कवर किती वेळानं उतरवायचं, अशी शेकडो कामं तो एका फाइलीत आधी लिहून ठेवलेल्या आकड्यांवर करतो. त्या आकड्यांना जग डिफॉल्ट म्हणतं. सर 'मुळातलं' म्हणत.

"ज्याला पटत नाही तो बदलून घेईल की," असं मी एकदा म्हणालो. सर खुर्चीतून उठले.

"बदलनारा हुशार असतो. त्याची काळजी करू नका. जो जन्मात ती फाइल उघडनार न्हाई, आकडा त्याच्यासाठी ठरवायचा असतो!"

त्यामुळं सर चाचणी घेत ती सगळ्यात जुन्या, कण्हणाऱ्या संगणकावर. त्याचं नाव 'म्हातारी'. ती ठेवलेली पत्र्याच्या खोलीत, जिथं उन्हाळ्यात माणूसही मंद चालतो. "पुन्यात एसीत बसून काढलेला आकडा माझ्या पत्र्याखाली कामून चालंल?" हातात स्टॉपवॉच, मांडीवर वही, डोक्यावर ओला रुमाल. म्हातारीनं एखादं काम अर्ध्या सेकंदानं लवकर केलं तर सर बाहेर येऊन शिपायालासुद्धा सांगत.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष. आमच्याकडं नळाला पाणी नव्हतं, पण नव्या जिल्ह्याच्या चर्चेला पूर आला होता. आज जाहीर होणार, उद्या होणार. एका उत्साही दुकानदारानं पाटीवर 'जिल्हा उदगीर' रंगवून घेतलं आणि त्यावर कागद चिकटवून ठेवला. मीही मनातल्या मनात एक पाटी रंगवली होती. नव्या जिल्ह्याला संगणक कक्ष लागणार आणि त्याच्या दारावर माझं नाव असणार.

तेवढ्यात आसपासच्या तालुक्यांतल्या कचेऱ्यांचे जुने संगणक आमच्याकडं आले. टँकरच्या मागण्या त्यांच्यावर नोंदवायच्या होत्या. सगळ्यांसाठी एकच डिस्क तयार करायची होती आणि तिचा कर्नेल सरांकडं होता.

अडचण एका आकड्यावर आली. सेव्ह म्हटलं की मजकूर लगेच डिस्कवर जात नाही. कर्नेल तो काही वेळ मेमरीत धरून ठेवतो आणि मग एकदम लिहितो, म्हणजे काम झपझप चालतं. दरम्यान वीज गेली की धरलेलं सगळं गेलं. ज्यानं हा नोंदणीचा प्रोग्राम लिहिला होता, त्यानं 'आत्ताच्या आत्ता लिही' असं त्यात कुठं सांगितलेलंच नव्हतं. आमच्याकडं वीज दिवसातून चारदा जायची आणि कचेऱ्यांतल्या बॅटऱ्या कधीच मेल्या होत्या. सरांनी आकडा ठेवला पाचशे. तो सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात, म्हणजे पाच सेकंद. त्यामुळं जुन्या डिस्कवर प्रत्येक नोंदीला संगणक किंचित अडखळायचा.

"अडखळू द्या," सर म्हणाले. "सांडन्यापरीस अडखळलेलं बरं."

पण तहसीलदार साहेबांसमोर प्रात्यक्षिक माझं होतं. अडखळणारा संगणक दाखवून कुणाच्या दारावर नाव लागत नाही. त्या सकाळी सर यायच्या आधी मी फाइल उघडली आणि पाचशेपुढं एक शून्य ठेवलं. पन्नास सेकंद. प्रात्यक्षिक लोण्यासारखं झालं. साहेब म्हणाले, "वा, सूर्यवंशी!" दुपारी शून्य काढायचं असं मी ठरवलं होतं. पण दुपारी सत्कार झाला आणि संध्याकाळपर्यंत डिस्कच्या प्रती निघून गेल्या.

पंधरा दिवसांनी एका कचेरीतून बोलावणं आलं. एका वाडीची माणसं रिकाम्या घागरी घेऊन दारात बसली होती. मागणी देऊन चार दिवस झाले होते, टँकर गेलाच नव्हता आणि संगणकात त्या वाडीची नोंदच नव्हती. नोंदी करणाऱ्या कंत्राटी शबाना मॅडम रडत होत्या.

"कसम से सर, मी सेव्ह केलतं! लाइट गेली, आली, मी फिर दुसऱ्या गावाचं घेतलं."

"सगळ्यांचं सेव्हच असतं," तहसीलदार साहेब म्हणाले. "उद्यापासून येऊ नका."

सर संगणकापुढं बसले. फाइल उघडली. बोट पडद्यावर ठेवून त्यांनी शून्यं मोजली. एक, दोन, तीन.

मग उभे राहिले. "साहेब, हिची चूक न्हाई. माझ्या हातून एक शून्य जास्त पडलंय. ही फाइल माझ्या हातची हाय."

त्या क्षणी मी काय केलं? मी पंख्याकडं बघितलं. पंखा बंद होता. तरी बघत राहिलो.

शबाना मॅडमचं काम वाचलं. सरांना लेखी खुलासा द्यावा लागला. तो त्यांनी मोत्यासारख्या अक्षरात लिहिला आणि पाठवण्याआधी माझ्यापुढं धरला. "एकदा वाचा साहेब. माझा आता माझ्यावर भरोसा न्हाई." मी वाचला आणि विभागप्रमुख म्हणून खाली सहीसुद्धा केली.

पण सर खचून बसणाऱ्यांतले नव्हते, आणि इथून पुढचं सांगताना माझीही छाती फुगते. ते थेट पत्र्याच्या खोलीत गेले. म्हातारीवर नोंद करायची आणि खटकन वायर उपटायची. पुन्हा चालू, पुन्हा नोंद, पुन्हा वायर. शिपाई म्हणाला, "सर, म्हातारीला सुखानं मरू तरी द्या!" तीन आठवडे हे चाललं. एका दुपारी सर रुमाल फडकावत बाहेर आले. त्यांना तोड सापडली होती. ढीग साचू द्यायचाच नाही, थोडं साचलं की लगेच उतरवायचं. पाच सेकंदांच्या आत सगळं डिस्कवर, आणि अडखळणंही गेलं. जे मला शून्य वाढवून हवं होतं, ते सरांनी एकही नोंद न सांडता मिळवलं होतं.

मग कचेरीत जाऊन त्यांनी त्याच तहसीलदार साहेबांना संगणकापुढं बोलावलं. "साहेब, मी काही बोलनार न्हाई. शबाना बेटा नोंद करंल. तुमी पाच मोजा आन तुमच्या हातानं मेन बंद करा."

साहेबांनी घाबरत मेन बंद केली. वीज आली. नोंद जागेवर! दुसरी वाडी, मेन बंद, नोंद जागेवर! सगळी कचेरी गोळा झाली. कारकून मोठ्यानं पाच मोजू लागले. साहेबांनी एकंदर नऊ वेळा मेन बंद केली. त्यातल्या शेवटच्या चार वेळा हौसेच्या होत्या. नवव्या नोंदीला टाळ्या थांबेनात आणि शबाना मॅडमनी पदर तोंडाला लावून साहेबांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बोललं होतं ना मी सेव्ह केलतं!"

"आता काय पाहिजे ते मागा, हलगे सर," साहेब खुशीत म्हणाले.

"मागायला येतेत त्यांना टँकर मिळतोय साहेब. जे येत न्हाईत त्यांचं काय? आठ दिवस ज्या वाडीनं काहीच मागितलं न्हाई, तिचं नाव आपोआप यादीत वर आलं पाहिजे. मुळातलं."

साहेबांनी मान हलवली. पुढच्या आठवड्यात यादीच्या डोक्यावर एक वस्ती आली, जिचं नाव गावांच्या यादीत होतं, पण कचेरीत कुणी कधी घेतलं नव्हतं. तिथली सगळी धडधाकट माणसं ऊसतोडीला गेलेली, मागायला येणारं कुणी उरलंच नव्हतं. टँकर गेला तेव्हा तिथल्या म्हाताऱ्यांना तो चुकून आलाय असं वाटलं आणि ते ड्रायव्हरला पुढच्या गावचा रस्ता सांगू लागले. सर एसटीनं गावोगाव फिरले, प्रत्येक कचेरीतली डिस्क बदलली. शेजारच्या तालुक्यांनी ती मागून नेली. लोक तिला 'हलगे डिस्क' म्हणत. नवा जिल्हा काही झाला नाही, पण सरांचं मुळातलं सगळीकडं चाललं.

त्या नवव्या नोंदीनंतर, टाळ्या चालू असताना, सरांनी मला कोपऱ्यात ओढून वही पुढं केली होती. "साहेब, शून्यं मोजा बरं तेवढी."

ते मोजणं अजून थांबलेलं नाही. सर निवृत्त झाले, दोन खोल्यांत एकटे असतात. पाकिटावर पत्ता लिहायचा असो की गॅसचा नंबर लावायचा असो, मला फोन येतो. ते एकेक आकडा वाचतात. "तुमी हाव म्हना, मग टाकतो." मी हाव म्हणतो. लोकांना वाटतं, म्हातारपणी सर चिकित्सक झालेत.

गेल्या महिन्यात मी लग्नासाठी नांदेडला गेलो होतो, फोन बंद पडला होता. परत आल्यावर त्यांच्याकडं गेलो तर सर कॉटवर पडून होते, डोकं घट्ट बांधलेलं. डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलून दिली होती. उशाशी पाकीट तसंच, न फोडलेलं.

"पन्नासची हाय का पाचशेची, नक्की कळंना," ते म्हणाले. "तुमी नव्हता. म्हटलं, हात चुकायचा. दोन दिवस घेतलीच न्हाई."

मी पाकीट हातात घेतलं. पन्नास, असं स्पष्ट छापलेलं होतं. "पन्नास आहे, सर," म्हणालो. "बरोबर वाचलं होतं तुम्ही." तिथंच पुढचं वाक्य बोलायचं होतं. ते मी बोललो नाही. पाणी आणून दिलं आणि घरी आलो.

सर असलं काही वाचत नाहीत, त्यामुळं इथं लिहून मी सुटलो असं होत नाही. ते शून्य मी वाढवलं होतं आणि त्यांचा हात कधीच चुकला नव्हता, हे त्यांच्यासमोर बसून सांगण्याचं देणं मी त्यांना लागतो.