टाचणी नसलेलं शहर

पानं पिवळी पडायला लागली की या वर्षी आपण चार दिवस बाहेरगावी जायचं, असं वहिनीनं शिलाई मशीनवरून मान वर न करता जाहीर केलं. नवऱ्यानं आधी ‘बरं’ म्हटलं आणि मग ती काय म्हणाली ते विचारलं. (घरोघर पाण्याचे मीटर वाचत फिरणाऱ्या माणसाला कुत्रं आणि बायको या दोघांपुढं आधी नरमायची सवय लागते.)

वहिनी हे काही तिचं नाव नव्हे. पण सासरी आल्या दिवसापासून ती सगळ्या दुनियेची वहिनी झाली ती झालीच. ज्यांनी तिला नावानं हाक मारायची ते थोरले दीर आणि मोठी नणंदही वहिनीच म्हणायचे, पोस्टमनही म्हणायचा, आणि एकदा फार घाबरलेला असताना तिचा नवराही म्हणून गेला होता. शाळांचे युनिफॉर्म शिवून झाले की शरदात तिचं दुकान थंड पडायचं. ते थंड पडल्याचा वास सासरच्या गोतावळ्याला कसा लागायचा देव जाणे. नणंद यायची पाठ शेकायला, थोरले दीर-जाऊ यायचे हवापालटाला. मग चादरी काढा, पाणी तापवा, पातेली घासा. लग्न झाल्यापासून वहिनीनं शरदात गरम चहा म्हणून प्यायला नव्हता. सगळ्यांना देऊन तिच्या वाट्याला येईपर्यंत त्याचं सरबत झालेलं असायचं.

तिचं मागणं एवढंच होतं : चार दिवस कुणीतरी दुसऱ्यानं चहा आणून हातात द्यावा, आणि तो भाजावा.

शहर निवडायची वेळ आली तेव्हा नवऱ्यानं उत्साहानं समुद्राकाठचं एक शहर सुचवलं. वहिनीनं विचारलं, तिथं तुमची मावशी राहते ना? राहते, म्हणाला. मग मिटलं. गावात आपलं माणूस असताना हॉटेलात उतरलेलं कळलं तर मावशी मरेपर्यंत बोलून दाखवील, आणि मावशीची तब्येत फार चांगली होती. मग त्यानं नदीकाठचं एक सांगितलं. तिथं चुलतभाऊ निघाला. जुन्या किल्ल्याचं सांगितलं. तिथं वहिनीचा सख्खा भाऊ, आणि त्याची बायको अशी, की पाहुणीच्या हातात पहिल्या दिवशी टॉवेल देते नि दुसऱ्या दिवशी लाटणं.

शेवटी वहिनीनं कापड बेतायच्या टेबलावर देशाचा नकाशा पसरला. जिथं जिथं माणूस, तिथं तिथं टाचणी. नवऱ्याकडच्यांना लाल डोक्याच्या, तिच्याकडच्यांना निळ्या. लाल संपल्या. पांढऱ्या घेतल्या. रात्रीच्या जेवणापर्यंत नकाशाचं साळिंदर झालं. (लोकांनी मुलं तरी किती होऊ द्यावीत आणि ती इतक्या लांब लांब तरी का पाठवावीत?) बरोबर एक शहर कोरं उरलं.

नवरा चष्मा लावून वाकला. तिथं आहे काय, तर एक तळं, एक घड्याळाचा मनोरा आणि एक खुर्च्यांचा कारखाना.

“बघायचं काय तिथं?” त्यानं विचारलं.

“तुमचं कुणी नाही, माझं कुणी नाही,” वहिनी म्हणाली. “आणखी काय बघायचंय?”

घरच्यांना सांगायचं म्हणून नवऱ्याच्या ऑफिसनं त्याला नव्या मीटरच्या ट्रेनिंगला धाडलंय, आणि तो एकटा नीट जेवत नाही, अशी थाप ठरली. फोन केले तर नशीब असं की कुणी उलट प्रश्नच विचारला नाही. वन्सं म्हणाल्या, त्यांचं यंदा येणं नव्हतंच, पाठीचं इतकं वाढलंय की डॉक्टरांनी कूस बदलायलाही मनाई केलीय. मोठे भाऊजी म्हणाले, डोळ्याचं ऑपरेशन आहे, पट्टी बांधून अंधाऱ्या खोलीत पडायचंय. वहिनीला वाईटही वाटलं. जाण्याआधी सूप करून पाठवावं असा विचार मनात आला, तेव्हा तिनं स्वतःलाच झापलं.

ते शहर मात्र गोड निघालं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं पेटल्यासारखी पिवळी-लाल, पायाखाली पानांचा चुरा, आणि ओळखीचं तोंड म्हणून नाही. हॉटेलात वेटरनं चहा खोलीत आणून दिला. वहिनीनं घाईघाईनं घोट घेतला, जीभ भाजली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याला वाटलं जिभेमुळं.

सकाळी दोघं नाश्त्याच्या हॉलमध्ये उतरली. कोपऱ्यातल्या टेबलावर कुणीतरी वर्तमानपत्र उघडून बसलं होतं, आणि त्या वर्तमानपत्रामागून आवाज आला. फुर्रर्र. मग थोडं थांबून घशातून, हां.

वहिनीच्या हातातला पाव हातातच राहिला. बशीतून चहा ओढून शेवटी ‘हां’ म्हणणारा माणूस तिच्या माहितीत एकच होता, आणि तो डोळ्यांवर पट्टी बांधून अंधाऱ्या खोलीत पडलेला असायला हवा होता. ती तशीच टेबलापाशी गेली नि वर्तमानपत्राचा वरचा काठ बोटानं खाली केला. मागं मोठे भाऊजी. दोन्ही डोळे टक्क उघडे.

“भाऊजी, ऑपरेशन?”

“झालं,” भाऊजी म्हणाले. “डॉक्टर म्हणाले, लांबचं बघत जा. म्हणून लांब आलो.”

जाऊबाई त्यांच्या शेजारीच होत्या, पण काहीतरी शोधायला म्हणून टेबलाखाली गेल्या होत्या त्या वर यायचं नाव घेईनात. भाऊजींनी खालच्या आवाजात सांगितलं, हळू बोला, बोभाटा नको, कुणाला सांगितलेलं नाही. एवढ्यात मागं थाळ्या वाजल्या. वहिनी वळली. उकडलेल्या अंड्यांचा ढीग एका हातात, केळ्यांची फणी दुसऱ्या हातात, अशा ताठ पाठीनं वन्सं चालत येत होत्या. मागं त्यांचा मुलगा, म्हणजे दातांच्या कवळ्या बनवणारा भाचा, जॅमच्या वाट्या सांभाळत.

वन्संच्या थाळीतलं एक अंडं घरंगळत खाली आलं, तरी कुणी हललं नाही.

“तुम्हाला कूस बदलायची मनाई होती ना?” वहिनीनं विचारलं.

“इथल्या गाद्या चांगल्या आहेत,” वन्सं म्हणाल्या.

मग जी तुंबळ लढाई सुरू झाली ती वेटर लोकांनी काम सोडून ऐकली. प्रत्येकाला दुसऱ्याच्या खोटेपणाचा एवढा धक्का बसला होता, की स्वतःचा आठवायला फुरसत नव्हती. घोटाळा साधा होता. सगळ्यांचे नातेवाईक तेच, त्यामुळं नातेवाईक नसलेलं शहरही तेच. आणि हॉटेल बरं म्हणावं असं गावात हेच एक. वन्संनी तर नकाशाही वापरला नव्हता. आहेराची साडी कुठं कुठं द्यावी लागत नाही, एवढंच आठवलं होतं.

वहिनीचा पारा चढला. तिनं सुनावलं, की वर्षानुवर्षं शरद आला की तुम्ही माझ्या घरी ठाण मांडता, मी हूं का चूं केलं नाही, आणि एक वर्ष चार दिवस पळाले तर इथंही पुढं येऊन बसलात.

तेव्हा जाऊबाई टेबलाखालून वर आल्या.

“ठाण मांडतो?” त्या म्हणाल्या. “अगं, दर वर्षी तुझ्याकडं यायचं म्हटलं की आमच्या जिवावर येतं. तुझं ते तोंड, ती आदळआपट. पण नाही आलो तर तुला वाईट वाटेल, म्हणून येतो बाई.”

वहिनीनं वन्संकडं बघितलं. वन्संनीही मान डोलावली. भाच्याकडं बघितलं, तो जॅमकडं बघत होता. इतकी वर्षं ती ज्यांना सोसत होती, ते इतकी वर्षं तिला सोसत होते. नवरा हळूच म्हणाला, मग आता सगळं मोकळंच झालं की. तोही जॅम घेऊन बसला.

खरं तर तिथंच सगळ्यांनी आपापल्या वाटेनं जायचं. पण घराणं ते घराणं. पाच मिनिटांत टेबलं जोडली गेली. दहाव्या मिनिटाला वन्सं म्हणाल्या, इथला चहा म्हणजे धुवण आहे, आणि सगळ्यांनी एकदम वहिनीकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी हॉटेलच्या स्वयंपाकघरात उभी होती. आलं किसत. वेटर रांगेत कप धरून उभे. मॅनेजरही तिला वहिनी म्हणायला लागला होता.

तिसऱ्या दिवशी तो तिच्याजवळ येऊन घुटमळला. त्याची मुलगी काउंटरवर बसायची. तिचा पुढचा एक दात जरा वाकडा होता, आणि तीन दिवस भाचा काउंटरपाशी त्या दाताचं कौतुक करत उभा होता. (पस्तिशी उलटली तरी त्याचं लग्न झालं नव्हतं, कारण तो मुलगी बघायला गेला की ‘आ कर’ म्हणायचा.) पोरीला तो आवडला होता. मॅनेजरनं सगळी मंडळी पाहिली होती, आणि त्यातली शहाणी एकच वाटली म्हणून तिला विचारायला आला होता.

“खरं सांगा वहिनी. मुलगा कसा आहे?”

वहिनीचा किसणीवरचा हात थांबला. एक शब्द वाकडा बोलला, की हे एक शहर टाचणीपासून वाचत होतं. आणि खोटंही बोलायचं नव्हतं; पोरगा घोरायचा, आणि जेवताना समोरच्याच्या दाढा मोजायचा. तिनं खिडकीतून बाहेर पाहिलं. ती पिवळी झाडं, तो ओळखीच्या माणसांशिवायचा लांबलचक रस्ता. मग आत पाहिलं, तर मोरीपाशी भाचा सगळ्यांच्या कपबशा विसळत होता. कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या घरी आल्यावर स्वतःचा कप धुवून ठेवणारा इतक्या वर्षांत तो एकटाच होता. “मामी, तू बस जरा,” म्हणणाराही.

“सोन्यासारखा आहे,” वहिनी म्हणाली, आणि डोळे पुसले. आल्यामुळं.

लग्न झालं. जाऊबाई, वन्सं, सगळ्यांनी परस्पर कबूल करून टाकलं, की यापुढं शरदात कुणी कुणाकडं जायचं नाही. सगळ्यांनी तो शब्द पाळला. पुढच्या वर्षी पानं पिवळी पडली, दुकान थंड पडलं, कुणी आलं नाही. वहिनीनं दुपारी एकटीपुरता चहा टाकला. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडं मॅनेजर, आता व्याही. म्हणाले, जन्मभर दुसऱ्यांच्या सुट्ट्या सांभाळल्या, यंदा आम्हीही चार दिवस हवापालट करायचं ठरवलंय, सगळ्या भावंडांना घेऊन. शहर कुठलं निवडायचं याला काही डोकं लागलंच नाही, कारण मुलीच्या सासरी उतरायची आमच्यात रीत नाही, आणि ते सोडलं तर अख्ख्या देशात बाहेरगावी आमचं असं माणूस एकच.

वहिनीनं भिंतीला टेकून विचारलं, कधी निघताय?

“स्टेशनावर उतरलोय,” व्याही म्हणाले. “फक्त एक विचारायचं होतं. तुमच्याकडं गरम पाणी किती वाजेपर्यंत असतं?”