मांजराचं औषध

“पनवेलच्या जकात नाक्यावर बावीस वर्षं काढली मी, जगन. एक टोपली माझ्या नजरेतून सुटली नाही. माणसाच्या चालीवरून त्याच्या टोपलीत काय आहे ते ओळखतो, आणि टोपलीवरून त्याच्या पोटात काय आहे ते. असा मेंदू अख्ख्या मुंबई इलाख्यात दुसरा नाही. असलाच तर तो वापरात नसेल.”

स्वराज्य येऊन आठ वर्षं झाली तरी कमळाकर टिपणिसांच्या तोंडचा इलाखा काही गेला नव्हता. नाक्यावरून निवृत्त झाल्यावर त्यांनी ओटीवर पाटी लावली होती : ‘गुप्त चौकशा येथे उघडपणे स्वीकारल्या जातील.’ तीन वर्षांत एकच चौकशी आली, ती म्हणजे छत्र्या दुरुस्त करणारा इथंच बसतो का. तो इथंच बसायचा. चार महिने छत्र्या आणि उरलेले आठ महिने टिपणिसांचा मदतनीस, असा जगनचा धंदा. त्यातल्या त्यात छत्र्या बऱ्या. छत्री उलटली तर निदान सरळ तरी करता येते.

त्या सकाळी टिपणीस कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानावरून धापा टाकत, खोकत आले आणि ओटीवर बसायचंसुद्धा विसरले. दुकानात त्यांनी गोदूबाई कोळणीला बोलताना ऐकलं होतं. तिनं सरळ, भरदिवसा, मांजराचं औषध मागितलं होतं.

“मग?” जगन म्हणाला.

“मग काय मग? उंदराचं औषध कशासाठी असतं?”

“उंदीर मारायला.”

“ढेकणाचं?”

“ढेकूण मारायला. पण साहेब, खोकल्याचं औषध—”

“खोकला मारायला. तेव्हा मांजराचं औषध कशासाठी, ते तूच सांग.”

टिपणिसांचं चुकतंय हे जगनला दिसायचं, पण कुठं चुकतंय ते सापडेपर्यंत टिपणीस पुढच्या चुकीवर पोचलेले असत. आताही ते हेतूवर पोचले होते. कोळीण आणि मांजर! एकीच्या टोपलीत मासळी आणि दुसऱ्याचा डोळा त्या मासळीवर. असं वैर भाऊबंदकीतसुद्धा सापडायचं नाही. त्यांनी जगनला गावाबाहेरच्या पांजरपोळात पिटाळलं. म्हाताऱ्या गाईबैलांच्या त्या आश्रमात मांजरांचीही सोय होती, आणि गोदूबाईला तिथून बाहेर पडताना त्यांनी मागे एकदा पाहिलं होतं.

पांजरपोळातली जनावरं सांभाळणाऱ्या रंभाबाईंनी जगनला सगळं सांगितलं. महिन्यापूर्वी भाताच्या गिरणीमागच्या तुसाच्या ढिगात पाच पिल्लं सापडली होती. तूस जाऊन डोळे सुजलेले, पुवानं चिकटलेले. गुरांच्या डॉक्टरांनी थेंब लिहून दिले. काहींचे डोळे लवकर उघडले, शेवटच्याचं दुखणं मात्र हटेना. पिल्लू घरी न्यायला येईल त्याची रंभाबाई आधी परीक्षा घ्यायच्या. आंधळ्या होत आलेल्या एका बैलाच्या डोळ्यात थेंब घालून दाखवायचे. बैलाला चाललं तर पिल्लू मिळायचं. चार पिल्लं अशी चांगल्या घरी गेली. पाचव्याचा एक डोळा कायमचा गेला होता, त्याला कुणी हात लावीना. ते गोदूबाईनं नेलं.

“दुसरा डोळा वाचेल,” रंभाबाई म्हणाल्या, “पण पंधरा दिवस, दिवसातून तीनदा, खाडा न करता थेंब पडले पाहिजेत. आज चौदावा. एक वेळ चुकली की गेला म्हणून समजा.”

जगन पळत परत आला. “साहेब, तिथं पाच पिल्लं होती. आता एकही नाही, कारण—”

“एकही नाही!” टिपणीस उठून उभे राहिले. “पाचही संपवली.”

“अहो, कारण ऐका तर—”

“कारण नंतर. आधी परिणाम बघ. एक मांजर मारलं तर काय प्रायश्चित्त? काशीला सोन्याचं मांजर दान करायचं. पाच मांजरांना पाच. एवढं सोनं एका कोळणीकडे कुठून येणार? उरणच्या खाडीतून, अंधारात, चोरून. जगन, ही साधी मांजरमार नव्हे. हिचा सोन्याचा चोरटा व्यापार आहे.”

जगन म्हणाला, की पाच सोन्याची मांजरं घडवण्यापेक्षा पाच साधी मांजरं न मारणं स्वस्त पडेल. टिपणिसांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “म्हणून तू छत्र्या दुरुस्त करतोस,” ते म्हणाले आणि चालू पडले. रंभाबाईंची हकिगत जगनच्या तोंडात तशीच राहिली.

मासळी बाजारात पोचायला पावणेबारा झाले. टिपणीस एका खांबाआड उभे राहिले. खांब बारीक आणि टिपणीस जाड, त्यामुळे सगळ्या बाजाराला ते दोन्ही बाजूंनी दिसत होते. गोदूबाई शेजारच्या जनीला हळूच सांगत होती, “सोन्याला फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवलंय. कुनाला दाखवू नको, नजर लागंल.”

“सोन्याला!” टिपणीस जगनच्या कानात कुजबुजले. जगननं त्यांचा सदरा धरला, पण बावीस वर्षांची सवय सदऱ्याला आवरत नाही. टोपली दिसली की हात जायचाच. टिपणिसांनी पुढे होऊन टोपली ओढली. फडक्याशेजारची बाटली निसटून फरशीवर पडली आणि फुटली. औषध मासळीच्या पाण्यात मिसळून मोरीकडे निघालं.

फडक्यातून एक पिवळं पिल्लू डोकं काढून म्यँव करून ओरडलं. एक डोळा मिटलेला, दुसरा लालभडक.

टिपणिसांनी वाकून पिल्लाचं पोट न्याहाळलं. “सोनं ह्याच्या पोटात असणार,” ते म्हणाले.

गोदूबाईच्या तोंडाला अख्खा बाजार भ्यायचा. आता ती सुटणार म्हणून जगननं डोळे मिटले. पण ती मटकन खाली बसली.

“हाच सोन्या, टिपनीस साहेब,” ती म्हणाली. “त्याचा एक डोला गेलाच हाय. बारा वाजता थेंब घालायचे होते. आता दुसरा पन गेला, तर त्याला मी कशी दिसनार?”

जगनला इतका राग आला, की सकाळपासून अडकलेलं सगळं एका दमात बाहेर पडलं. गिरणी, तूस, बैल, पंधरा दिवस, सगळं. टिपणिसांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. ते म्हणाले, की रंभाबाई फसल्या असतील, कारण भाषा खोटं बोलत नाही. उंदराचं औषध उंदराला मारतं, तर मांजराचं औषध—

“अहो,” मागून आवाज आला. हातात पिशवी घेऊन भामाबाई उभ्या होत्या. त्या सुरमई घ्यायला आल्या होत्या आणि बराच वेळ मुकाट्यानं नवऱ्याकडे बघत होत्या. “दर महिन्याला मी त्याच दुकानात जाऊन ‘आमच्या ह्यांचं औषध द्या’ म्हणते. नऊ वर्षं झाली. अजून आहातच ना तुम्ही?”

टिपणिसांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मुंबई इलाख्यातला तो मेंदू इतका वेळ बंद राहिलेला जगननं कधी पाहिला नव्हता.

मग टिपणीस धावले. बाराला दुकान बंद व्हायचं ते चारला उघडायचं. धोतराचा सोगा हातात धरून ते गर्दीतून सुटले आणि मागोमाग जगन. कंपाउंडर फळ्या लावायच्या बेतात होता आणि त्याला ऐकू कमी यायचं. टिपणिसांनी दोनदा हळू सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा त्यांनी अख्ख्या पेठेला ऐकू जाईल असं सांगितलं, “मांजराचं औषध द्या!”

दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. एक म्हातारी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाली, “शोभतं का हो ह्या वयात? सोन्याचं मांजर करून काशीला द्यावं लागेल.”

“सोन्याचंच आहे, आजी,” टिपणीस धापा टाकत म्हणाले, “पण ते काशीला जायचं नाही.”

बाराच्या ठोक्याला ते परत बाजारात पोचले. गोदूबाईचे हात मिठात बरबटले होते, थेंब घालायला ती रोज जनीला सांगायची. जनी आता बाटली घ्यायला पुढे झाली, पण टिपणीस कुणाला देईनात. त्यांनी हात धुतले, चष्मा पुसला, पिल्लाची हनुवटी दोन बोटांनी वर केली आणि मोजून दोन थेंब घातले. रंभाबाईंच्या बैलानंही नाव ठेवलं नसतं.

दुसऱ्या दिवशीच्या तिन्ही वेळा ते बोलावल्याशिवाय हजर होते. शेवटचे थेंब पडले तेव्हा सोन्यानं डोळा मिचकावला, मग नीट उघडला. आधी त्यानं गोदूबाईकडे पाहिलं. ती पदरात तोंड घालून रडायला लागली. मग त्यानं टिपणिसांकडे पाहिलं, टोपीपासून वहाणांपर्यंत, अगदी सावकाश. बावीस वर्षं त्यांनी लोकांच्या टोपल्यांत पाहिलं होतं. टोपलीतून त्यांच्याकडे कुणी पाहण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि ते अवघडून टोपी सारखी करायला लागले.

घरी ओटीवर चढल्यावर टिपणिसांनी भामाबाईंना हळूच हाक मारली.

“पुढच्या वेळी दुकानात,” ते म्हणाले, “‘खोकल्याचं’ म्हणून मागत जा.”