शेख मॅडमची पांढरी फरशी

शेख मॅडमना "चहा घेणार का?" असं विचारा. त्या घड्याळ बघतात, दोन मिनिटं मोजतात आणि मग "हो" म्हणतात. घाईचं उत्तर त्यांच्या लेखी उत्तरच नव्हे.

हडपसरला आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर या निवृत्त पशुवैद्य बाई कोंबड्यांच्या जंतुसंसर्गासाठी रक्तचाचणी तयार करताहेत. पांढऱ्या फरशीचा तुकडा, त्यावर रक्ताचा थेंब, त्यात त्यांनी बनवलेलं निळं द्रावण. दोन मिनिटांत रव्यासारखे दाणे धरले, तर कोंबडी आजारी. इतकं सोपं! तरी पोल्ट्रीवाले तपासणी न करता सरसकट सगळ्यांना अँटिबायोटिक पाजतात. याविरुद्ध मी पत्रकं वाटतो. मॅडम ती आधी तपासतात.

"'घोर पाप' खोडा. मोजता येतं का ते?"

त्या दिवशी मांजरी गावच्या मंगलताईंच्या चाळीस कोंबड्यांचं, मॅडमनी आदल्या दिवशी पंखातून काढलेलं रक्त तपासायचं होतं. पहिल्या थेंबात दाणे. दुसऱ्यात दाणे. दहाव्यातही! चाचणी चालली! मी बाहेर जाऊन मंगलताईंना फोन केला, "सगळ्या आजारी आहेत."

पत्रकं वाटून तासाभरानं आत आलो तर मॅडमचा चेहरा उतरलेला. पक्क्या निरोगी कोंबडीचं रक्तही त्यांनी पडताळ्यासाठी लावलं होतं. त्यातही दाणे. म्हणजे द्रावणच बिघडलं होतं.

"कुणाला सांगितलं नाहीत ना?"

मंगलताईंना फोन केल्याचं मी सांगितलं.

"अहो कार्यकर्ते, पत्रक पुन्हा छापता येतं. कोंबडी नाही."

फोन व्यस्त. पुन्हा व्यस्त. चौथ्यांदा मंगलताईंनी उचलला.

"आता काय दादा? कापायला न्यायला व्यापाऱ्याचा टेम्पो आलाय. निम्म्या चढवल्या बी."

मॅडमनी फोन माझ्या हातातून ओढला. "मंगल, मी बोलतेय. माझं द्रावण बिघडलं, चूक माझी. सगळ्या उतरव. मी पुन्हा तपासते."

पलीकडे टेम्पोवाल्याची शिवीगाळ, खुराड्यांचा खडखडाट. मी चिडून पुटपुटलो, "फोन मी केला होता. स्वतःवर का घेताय? आता तुमच्या चाचणीवर विश्वास कोण ठेवील?"

त्यांनी हातानंच मला गप्प केलं. शेवटची कोंबडी उतरल्याचं मंगलताईंनी सांगितलं, तेव्हा त्या स्टुलावर बसल्या. मग, मला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, त्यांनी विचारलं,

"सतरा नंबरची पंख नीट मिटतेय का गं? काल सुई टोचताना माझा हात थरथरला. फार दुखलं असेल तिला."