एव्हरडिंगांचा झेंडा

"हेडविग, माझी नवी टोपी काढ! पहिल्याच पानावर आपण!" हेरिबर्ट एव्हरडिंग दारातूनच ओरडला.

आमच्या ओस्टरब्रोक गावाचा वाढदिवस तोंडावर आला होता. मिरवणुकीत सर्वांत पुढे सर्वांत जुन्या घराण्याचा झेंडा, आणि जुनं कोण ते चर्चच्या नोंदवह्यांवरून ठरणार. जन्ममृत्यूच्या नोंदींची सूची एका निवृत्त मास्तरांनी करून ठेवली होती. तिच्यात एव्हरडिंग अगदी सुरुवातीला आणि शेजारचे ग्रोटनडीक बरेच मागे. बांधावरच्या नासपतीच्या झाडावरून या दोन घरांचं पिढ्यान्‌पिढ्या वाकडं. लुडगर ग्रोटनडीकने आयुष्यात एकदा तरी आपल्या पाठीमागून चालावं, एवढीच हेरिबर्टची इच्छा होती. त्याच्या बायकोने, हेडविगने, तर झेंड्यावर नावही भरून ठेवलं.

"पण बापाचा बाप, त्याचा बाप, अशी साखळी दाखवावी लागेल बरं का," फादर म्हणाले. "लग्नाच्या वह्या बघा."

"त्यांची सूची कुठाय?"

"नाही झाली. मास्तर लग्नांपर्यंत आले आणि त्यांची बायको सोडून गेली. मग त्यांनी त्या वह्यांना हातच लावला नाही."

झालं! हेरिबर्ट पान न् पान वाचायला बसला. समोर भिंग घेऊन लुडगर हजर. जुन्या पाद्र्यांचं अक्षर म्हणजे कोंबडी नाचलेली. दोघांच्या माना अवघडल्या, पण आधी उठणार कोण?

आणि एका दुपारी हेरिबर्टच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने वही पटकन मिटली.

"काय रे, काय लपवतोयस?" लुडगरने वही ओढली, वाचली आणि टेबलावर थाप मारली. "साटंलोटं! फादर, लवकर या!"

आमच्याकडे पूर्वी आडनाव माणसाचं नसे, शेताचं असे. घरजावई आला की सासऱ्याच्या शेताचं नाव लावायचा. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, फक्त घरजावई नेहमी दुसऱ्याच्या घरात झाले असणार, अशी प्रत्येकाची खात्री. त्या नोंदीत एकाच दिवशी दोन लग्नं होती. दोन्ही बापांचं आपापल्या मुलाशी पटेना, म्हणून दोघांनी शेत मुलीला दिलं. एव्हरडिंगांचा मुलगा ग्रोटनडीकांकडे घरजावई गेला, ग्रोटनडीकांचा एव्हरडिंगांकडे.

"म्हणजे बापाकडून एव्हरडिंग मी! आणि तू रे? तू ग्रोटनडीक!"

"तोंड सांभाळ!" हेरिबर्ट गरजला. "ग्रोटनडीक कुणाला म्हणतोस?"

फादरांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "साखळी लुडगरचीच बरोबर आहे," ते हसू दाबत कसेबसे म्हणाले.

"झेंडा हवा मला!" लुडगर नाचायचाच बाकी होता. "आणि त्यावर 'एव्हरडिंग'च पाहिजे. मोठ्या अक्षरात!"

"घेऊन जा," हेडविग म्हणाली. "तयारच आहे."

मिरवणुकीच्या दिवशी हेरिबर्ट अंथरुणातून उठेना. "त्या माणसाच्या मागून चालू? मरण पत्करेन!"

"चालू नकोस, नुसता उभा राहा. टोपी घेतलीय ती काय कोंबड्यांना अंडी घालायला?" हेडविगने त्याला ओढत रस्त्यावर आणलं.

बँड वाजला. सर्वांत पुढे छाती काढून लुडगर आणि त्याच्या डोक्यावर फडफडणारं नाव: एव्हरडिंग.

"वा हेरिबर्ट!" समोरून खाटीक ओरडला. "शेवटी पहिला मान तुमचाच!"

टाळ्या सुरू झाल्या. बायका हेरिबर्टकडे बघून रुमाल हलवू लागल्या. कुणीतरी त्याच्या हातात बिअरचा पेला दिला.

"आणि झेंडा धरायला लुडगरला लावलंस? कमाल केलीस बुवा!"

"अहो, एव्हरडिंग मी आहे!" लुडगर घसा फोडून सांगू लागला. "मी! रक्ताने!"

लोक पोट धरधरून हसले. लुडगरला थांबता येईना, मागून बँड ढकलत होता.

हेरिबर्टने सावकाश टोपी काढली आणि सगळ्यांना लवून नमस्कार केला.

"लुडगर," तो म्हणाला, "जरा उंच धर ना. मागच्यांना आमचं नाव दिसत नाहीये."