उत्स्फूर्त प्रश्नांच्या चिठ्ठ्या

शेजारच्या वर्गात एका तासात सतरा हात वर झाले. मोहिनी मॅडमनी ते खिडकीच्या गजांमधून मोजले. दुसऱ्या दिवशी खात्रीसाठी पुन्हा मोजले, तर एकोणीस. त्यांच्या स्वतःच्या सातवीत दोनच हात वर होत. एक पाणी प्यायला जाण्यासाठी, दुसरा त्याच्यासोबत जाण्यासाठी.

शेजारचा वर्ग नूतनचा. पारोळ्याजवळच्या या शाळेत ती जूनमध्ये आली, तेव्हाच म्हणाली होती, "ताई, एकदा माझ्या तासाला येऊन बसा ना."

"बघू," असं मोहिनी मॅडम गेले सात महिने म्हणत होत्या. वीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईनं मागच्या बाकावर बसायचं?

त्यात केंद्रप्रमुख प्रेमराज नानांचा निरोप आला. मुलं स्वतः प्रश्न विचारून शिकतात, असा नमुना पाठ जळगावला दाखवायचा होता. सोमवारी दोघींपैकी एकीची निवड.

मोहिनी मॅडमनी चोख नियोजन केलं. ठिबकची लांब नळी, तिला एक ड्रिपर टाकीजवळ, एक शेवटच्या टोकाला, दोन्हींखाली बाटल्या. शिवाय उत्स्फूर्त प्रश्नांच्या चिठ्ठ्या, हजेरी क्रमांकानुसार. वऱ्हांड्यात दोन तालमी झाल्या. दोन्ही वेळा लांबची बाटली उशिरा भरली.

सोमवारी नाना आले आणि म्हणाले, "इथं गारठा आहे हो मॅडम. मैदानात उन्हात घ्या की."

मैदानाला टाकीपासून खाली उतार होता. नियोजनात तो नव्हता.

नळ सुरू झाला. थोड्या वेळानं क्रमांक एकचा ललित ठरल्याप्रमाणे उभा राहिला. "मॅडम, लांबच्या बाटलीत पाणी कमी का?"

लांबची बाटली तोवर भरून वाहू लागली होती.

"तिथं दाब कमी पडतो म्हणून," मॅडमनी ठरलेलं उत्तर दिलं.

"पन मॅडम," किरण ओरडली, "चिठ्ठीमा कमी शे, बाटलीमा जास्त शे!"

"कसली चिठ्ठी?" नानांनी विचारलं.

"बठ्ठासले एकेक शे, नाना!" सगळ्यांनी आपापली चिठ्ठी वर धरली.

मग कुणी क्रमांक पाळेना. उतारामुळे असेल का? नळी उलटी टाकली तर? वऱ्हांड्यात असं का नाही झालं? मुलं चिखलात गुडघे टेकून थेंब मोजू लागली. मॅडमची उत्तरांची वही भिजली. ती कुणाला नकोच होती.

नाना भारावले. "मुद्दाम चुकीच्या चिठ्ठ्या! मॅडम, असं नियोजन मी तीस वर्षांत पाहिलं नाही. जळगावला तुम्हीच."

मोहिनी मॅडम मुलांकडून ओल्या चिठ्ठ्या गोळा करू लागल्या.

नाना गेल्यावर नूतन बाहेर आली. गजांचा गंज तिच्या बोटांना लागला होता.

"सव्वीस हात," ती कोरडेपणानं म्हणाली. "दोनदा मोजले. कसं जमवलंत, ताई?"

याच आवाजात हाच प्रश्न ऐकायला मोहिनी मॅडम सात महिने थांबल्या होत्या. त्यांनी हातातला ओल्या चिठ्ठ्यांचा गोळा पिळला.

"जमवलं नाही गं, फसलं. उद्या दुसऱ्या तासाला मी येते. तुझ्या वर्गात. मागच्या बाकावर."