येताना शिंपले आणा

आमच्या शेजारचे देवतळे मास्तर गावाला निघालेल्या माणसाला 'सांभाळून जा' म्हणत नसत. 'येताना शिंपले आणा' म्हणत. मागच्या गल्लीतले एक गृहस्थ सासूच्या दहाव्याला मुंबईला निघाले होते. मास्तर त्यांच्यापाशी दोन मिनिटं मान खाली घालून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "येताना शिंपले आणा जी. फुटके चालतीन, पण खोलगट पाहिजेत."

नागपुरात शिंपले कशाला म्हणाल, तर मास्तर चित्रकलेचे. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी परसात लाकडाची भट्टी घातली होती. झिलई दिलेली बरणी तापली की झिलई वितळते आणि बरणी बुडाखाली चिकटून बसते. म्हणून ते शिंपल्यात ओली माती भरायचे आणि त्यावर बरणी आडवी टेकवायचे. जळून शिंपल्याचा चुना होतो, पाण्यानं निघून जातो. बरणीच्या पोटावर त्याचा ठसा तेवढा राहतो. हे मला पहिल्यांदा समजावलं तेव्हा माझी चुलीवरची भाजी करपेपर्यंत त्यांनी मला सोडलं नाही.

गंमत अशी, की त्यांची एकुलती एक कुमुद मालवणला, समुद्राच्या काठीच राहायची. पण तिनं आपल्या मर्जीनं लग्न केलं आणि सात वर्षं बापलेकीचं बोलणं बंद. मला तिचं दिवाळीला अंतर्देशीय पत्र यायचं. मास्तरांना ते माहीत होतं. विचारत मात्र नसत.

"काहून जी मास्तर, कुमुदले सांगा ना. पोतंभर पाठवीन ती."

"त्या गावाले समुद्र आहे का नाही, मले नाही माहीत, वहिनी."

एकदा भट्टी लावताना तीन शिंपले कमी पडले. मास्तर लाकडं आणायला लकडगंजला गेलेले, आणि मी आपली मदतीला बसलेली. फळीवर एक जुना डबा दिसला. आत नेमके तीन शिंपले. म्हटलं, ठेवून विसरले असतील. भरली माती आणि टेकवली वर लोणच्याची मोठी बरणी.

भट्टी निवल्यावर मास्तरांनी बरणी उचलली, आणि खालचा एक शिंपला हातात घेऊन बघतच राहिले.

"हा कोपरा तुटलेला कुठून आणला?"

"फळीवरच्या डब्यातून."

ते खालीच बसले. "कुमुदनं येचले होते, चौपाटीवर. चौथीत होती."

बोलता बोलता बोटांत शिंपल्याचा भुगा झाला. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते उठले आणि बरणी पाण्यानं धुतली. पोटावर तीन ठसे स्वच्छ उमटले होते, एकाचा कोपरा तुटका. त्याच्यावरून ते कितीतरी वेळ अंगठा फिरवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोकं, तणस आणि ती ठशांची बरणी घेऊन मास्तर माझ्या दारात हजर.

"वहिनी, तिचा पत्ता लिहून द्या या खोक्यावर. माझा हात हालून राहिला."

अर्ध्या बाजारातल्या पाट्या ज्यांच्या हातच्या, ते मास्तर असं म्हणत होते. मी लिहून दिला. तणस भरताना बरणीत एक चिठ्ठी दिसली. वाचली मी, खोटं कशाला सांगू? अक्षर नेहमीसारखंच रेखीव, कुठे हललेलं नाही.

'शिंपले संपले. येताना आण.'